जन्म, घर आणि अस्मिता : ‘डॅनियल डेरोंडा’ व बेने इस्रायल समाजाचा अनुभव

प्रस्तावना :
जॉर्ज एलियट (१८१९-१८८०) यांची ‘डॅनियल डेरोंडा’ ही अखेरची कादंबरी १८७६ मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली. इंग्रज उच्चभ्रू समाज आणि ज्यू अस्मिता हे तिचे दोन प्रमुख विषय होत. प्रस्तुत लेखात या कादंबरीतील अस्मितेच्या कल्पनेचे परीक्षण महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाच्या अनुभवाच्या आधारे केले आहे.

कादंबरीतील दोन कथानके :
कुटुंबावर आर्थिक आपत्ती कोसळल्यावर ग्वेन्डोलेन हार्लेथ ही ग्रँडकोर्ट या श्रीमंत परंतु निष्ठुर उमरावाशी विवाह करते. दुसरीकडे, सर ह्यूगो मॅलिंजर यांच्या घरी सभ्य इंग्रज गृहस्थ म्हणून वाढलेला डॅनियल मीरा या ज्यू तरुणीचे प्राण वाचवतो व तिचा भाऊ मॉर्डेकाय याच्या विचारांनी प्रभावित होतो. जिनोआ येथे आईची भेट झाल्यावर आपण जन्माने ज्यू असल्याचे त्याला कळते. अखेरीस मीराशी विवाह करून तो पूर्वेकडे जाण्यास सिद्ध होतो.

ज्यू कथानक वगळून ग्वेन्डोलेनची कथा स्वतंत्र करावी, असे एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ मध्ये सुचवले होते. परंतु ही दोन्ही कथानके एकाच प्रश्नाशी निगडित आहेत : जन्माने लाभलेले स्थान माणसाला नाकारता येते काय? या प्रश्नाचे सर्वांत तीव्र उत्तर डॅनियलची आई देते. गायनकलेसाठी व वडिलांच्या कर्मठ धाकातून सुटण्यासाठी तिने मुलाला दूर केले. तिला जे बंधन वाटले, तेच मुलाला वरदान वाटते. लेखिका तिचे दुःख समजून घेते. कथेचा कौल मात्र मुलाच्या बाजूने देते.

बेने इस्रायल समाजाचा अनुभव :
डॅनियलला ज्यू होण्यासाठी इंग्लंड सोडावे लागते. कोकणातील बेने इस्रायल समाजाने असा पर्याय निवडला नाही. तेलाचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले जाई. केहिमकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ही कादंबरी ज्या काळात आली त्याच काळात, या समाजातील मंडळी बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने रचत होती. धर्म आणि भाषा यांपैकी एकाची निवड करण्याची गरज त्यांना भासली नाही.

पुढे इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्यांना वेगळाच अनुभव आला. १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने विवाहासाठी त्यांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरवली. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. डॅनियलला आजोबांची कागदपत्रांची पेटी मिळते आणि त्याच्या जन्माविषयीचा प्रश्न संपतो. कोकणातून गेलेल्यांकडे अशी पेटी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आचार होता, आणि तोच संशयाचा विषय ठरला.

निष्कर्ष :
ज्यू माणसाला विनोदाचा वा तिरस्काराचा विषय न करता विचारांचा वारसदार म्हणून उभे करणे, हे एलियट यांचे मोठे यश आहे. मात्र ज्या पूर्वेकडे नायक निघतो, तेथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचा विचार कादंबरीत नाही, हा एडवर्ड सैद यांनी १९७९ मध्ये घेतलेला आक्षेप रास्त आहे. रक्ताचा पुरावा मिळाला की घर मिळते, हा कादंबरीचा विश्वास आहे. बेने इस्रायल समाजाचा इतिहास त्याला मर्यादा घालतो : घर हे वंशाइतकेच भाषेने, गावाने व शेजाऱ्यांच्या स्वीकारानेही घडते.