उत्तर २८.८३ मिमी, पण बोर्ड कोणता?

मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेना म्हणजे बोर्डाच्या एका बाजूला तांब्याचा आयताकृती तुकडा आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचा सलग थर. त्याची रचना शिकवताना पाठ्यपुस्तके बहुधा सूत्रांपाशी थांबतात. आमचा आक्षेप इथेच आहे.

उदाहरण पाहू. वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, ग्लास-इपॉक्सी बोर्डाची जाडी १.६ मिमी, परावैद्युतांक ४.४. तुकड्याची लांबी येते २८.८३ मिमी. कडांबाहेर फुगणाऱ्या विद्युतक्षेत्राचीही सूत्र दखल घेते, हे मान्य. परंतु या स्वस्त बोर्डाचा परावैद्युतांक ४.२ निघाला, तर वारंवारता सुमारे ५५ मेगाहर्ट्झने वाढते; आणि अशा अँटेनाचा उपयुक्त पट्टा जवळपास तेवढाच असतो! मग दुसऱ्या दशांशस्थळाला अर्थ काय उरला?

म्हणून तुकडा थोडा लांब ठेवावा, वारंवारता मोजावी आणि टोकाची कड हळूहळू घासावी. अर्धा मिलिमीटर घासल्यास वारंवारता सुमारे ४० मेगाहर्ट्झने चढते. जास्त घासले, तर मात्र नवा बोर्ड घ्यावा लागतो. ही पायरी पुस्तकात हवी. तोवर, ४.४ हा आकडा आला कोठून, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांना विचारू या.