मोर्लेचा ग्लॅडस्टन वाचताना: चरित्र हा पुरावा आहे, पण कशाचा?

प्रपोजल लिहायला बसलात की सगळ्यात आधी हाताशी येतं ते जाडजूड चरित्र. तारखा, पत्रं, भाषणं, सगळं एका जागी. ब्रिटिश पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टनवर काम करणाऱ्याला जॉन मोर्लेचे १९०३ सालचे तीन खंड असेच भेटतात. माझ्या पहिल्या मसुद्यात मी ग्लॅडस्टनच्या आयर्लंडविषयीच्या हेतूंचा पुरावा म्हणून मोर्लेचाच हवाला दिला होता. गाईडनी समासात एवढंच लिहिलं, "तेव्हा आयर्लंडचं काम कोण पाहत होतं?" उत्तर होतं, मोर्ले. १८८६ मध्ये होमरूलचं पहिलं विधेयक आलं तेव्हा आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी तोच होता. म्हणजे मी पक्षकाराच्या वकिलालाच पंच केलं होतं.

ग्लॅडस्टनची कारकीर्द थोडक्यात अशी. जन्म १८०९, लिव्हरपूल. १८३२ मध्ये टोरी म्हणून पार्लमेंटमध्ये प्रवेश, पुढे लिबरल पक्षाचा नेता, चार वेळा पंतप्रधान. शेवटचा राजीनामा १८९४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी. एवढा पल्ला एका सूत्रात ओवणं सोपं नाही. मोर्लेने ते करून दाखवलं, म्हणून पुस्तक आजही वाचनीय आहे. पण वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा.

पहिला: कागद कुणी दिले आणि काय वगळायचं ठरलं? मोर्लेला हॉर्डनच्या घरातले प्रचंड कागद कुटुंबानेच खुले केले. मोर्ले नास्तिकतेकडे झुकलेला, ग्लॅडस्टन कडवा धर्मनिष्ठ. त्यामुळे धर्मचिंतक ग्लॅडस्टनचा सविस्तर इतिहास आपण देणार नाही, असं मोर्ले सुरुवातीलाच सांगतो. हा प्रामाणिकपणा आहे, मान्य. पण ज्या माणसाचं राजकारणच धर्मातून उगवलं, त्याचं मूळ कापून फांद्या दाखवल्यासारखं हे होतं. रोजनिशी मोर्लेने वापरली होती. ती पूर्ण स्वरूपात १९६८ ते १९९४ दरम्यान १४ खंडांत छापली गेली. रस्त्यावरच्या वेश्यांना 'सोडवण्याची' त्याची धडपड आणि मनात आलेल्या मोहाबद्दल स्वतःला चाबकाने मारून घेतल्याच्या खुणा तेव्हा वाचकांसमोर आल्या.

दुसरा: माहिती कथेत कुठे बसवली आहे? मोर्ले लपवाछपवी करत नाही. ग्लॅडस्टनच्या वडिलांच्या डेमेरारातल्या मळ्यांवर गुलाम राबत, हे तो सांगतो. ३ जून १८३३ ला तरुण ग्लॅडस्टनने सभागृहात वडिलांच्या मळ्याची बाजू मांडली, तीही नोंद आहे. पण हे सगळं येतं ते 'टोरी ते लिबरल' या प्रवासाचा पहिला मुक्काम म्हणून. मुक्काम हलला की विषय संपला. प्रत्यक्षात गुलामगिरी संपल्यावर वडिलांना एक लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली. १८३८ मध्ये कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांची पहिली जहाजं ब्रिटिश गयानाला गेली, त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता. हा धागा कारकिर्दीच्या शेवटपर्यंत ओढत न्यायचा की पहिल्या खंडातच सोडायचा, हा चरित्रकाराचा निर्णय असतो. तुम्ही तो तसाच स्वीकारायची गरज नाही.

तिसरा: लिहिणाऱ्याला आपल्या नायकाकडून काय हवं आहे? मोर्ले लिहीत होता तेव्हा बोअर युद्ध पेटलं होतं आणि तो त्या युद्धाच्या विरोधात होता. साम्राज्याच्या हव्यासापासून दूर असलेला ग्लॅडस्टन त्याला हवाच होता. पण १८८२ मध्ये इजिप्त ताब्यात घेतलं ते ग्लॅडस्टनच्याच सरकारने. त्या मोहिमेत हिंदुस्थानातूनही फौज गेली. आणि रोजनिशीचे संपादक कॉलिन मॅथ्यू यांनी दाखवून दिलं, की त्या सुमारास ग्लॅडस्टनच्या गुंतवणुकीतला एक तृतीयांशाहून जास्त पैसा इजिप्तच्या कर्जरोख्यांत होता. थांबा, इथे घाई करू नका. रोखे होते म्हणून आक्रमण झालं, असं यातून सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं, की केवळ तत्त्वासाठी नाइलाजाने उचललेलं पाऊल ही मांडणी आता पुन्हा तपासावी लागेल. पुरावा जेवढा बोलतो तेवढंच लिहायचं.

मोर्ले आपल्याला परका नाही. शाळेच्या पुस्तकातल्या 'मोर्ले-मिंटो सुधारणा' त्याच्याच. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा भारतमंत्री तोच होता. आणि टिळकांचं तीन खंडी चरित्र कुणी लिहिलं? न. चिं. केळकरांनी, म्हणजे त्यांच्या सहकाऱ्याने, 'केसरी'च्या संपादकाने. तेही याच तीन प्रश्नांनी वाचून बघा.

तर मग मोर्ले बाजूला टाकायचा का? मुळीच नाही. ग्लॅडस्टन कसा होता, यासाठी तो दुय्यम साधन. लिबरल पक्षाला १९०३ मध्ये ग्लॅडस्टन कसा असायला हवा होता, यासाठी मात्र तो प्राथमिक साधन. पुस्तक तेच, तुमचा प्रश्न बदलला की त्याचं स्थान बदलतं. माझ्या मसुद्यातला तो हवाला मी काढला नाही. फक्त वाक्य बदललं: 'ग्लॅडस्टनचा हेतू असा होता' याऐवजी 'मोर्ले त्याचा हेतू असा सांगतो'. दोनच शब्दांची भर, पण प्रकरण त्यानंतर नव्याने लिहावं लागलं.