रीमा लागू : आईच्या पदराआडची विनोदी नटी

१८ मे २०१७ रोजी रीमा लागू गेल्या. बहुतेक श्रद्धांजलीपर लेखांत त्यांची एकच ओळख पुढे आली, हिंदी पडद्यावरची सोज्वळ आई. ‘वास्तव’मध्ये त्या संजय दत्तची आई झाल्या. तो त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान! ही ओळख खोटी नाही, पण फार अपुरी आहे.

१९९४ हे एकच साल पाहा. ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्या माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांच्या आई होत्या. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ या दोन विनोदी मालिका सुरू झाल्या आणि दोन्हींत रीमा होत्या. वय अवघं छत्तीस.

‘श्रीमान श्रीमती’ हिंदी असली, तरी तिची घडण मराठी होती. निर्मिती अधिकारी बंधूंची, दिग्दर्शन राजन वाघधरे यांचं आणि लेखन ‘आई रिटायर होतेय’वाल्या अशोक पाटोळ्यांचं. रीमांची कोकिळा कुलकर्णी, म्हणजेच कोकी, ही त्यातली सरळमार्गी गृहिणी. जतीन कनाकिया आणि राकेश बेदी यांची धांदल, अर्चना पूरणसिंगचा नखरा, हे सगळं तिच्या शांतपणामुळे खुलतं. समोरच्याच्या वाक्यावर हशा यावा म्हणून स्वतः थांबायचं, हे काम वरवर सोपं वाटतं. प्रत्यक्षात तिथेच भले भले नट घसरतात.

‘तू तू मैं मैं’मध्ये मात्र सूत्रं त्यांच्या हाती होती. सचिन पिळगावकरांच्या दिग्दर्शनात सासू देवकी आणि सुप्रिया पिळगावकरांची सून राधा यांची जुगलबंदी रंगे. देवकी कजाग आहे, पण खलनायिका नाही. हरली की तिचा चेहरा लहान मुलीसारखा पडतो. रागाच्या मागोमाग ही असहायता आणता आल्यामुळेच सासू-सुनेच्या भांडणाचा झिजलेला विषय तिथे ताजा वाटला.

ही तयारी रंगभूमीची. आई मंदाकिनी भडभडे नटी होत्या, आणि ‘पुरुष’, ‘सविता दामोदर परांजपे’ यांसारखी गंभीर नाटकं रीमांनी गाजवली होती. त्यांच्या विनोदाला वजन आलं ते या गंभीर कामातून, असं माझं ठाम मत आहे.

आज विनोदी नट्या कमी नाहीत. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, श्रेया बुगडे यांची ताकद वादातीत आहे. पण ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ किंवा ‘चला हवा येऊ द्या’ म्हणजे स्किटचा खेळ. बहुतेकदा नवं पात्र, काही मिनिटांत संपणारं. शिवाय अनेकदा साडी नेसून बाईची भूमिका पुरुषच करून जातो. देवकीला आठवड्यामागून आठवडे तेच घर, तीच सून मिळाली, म्हणून तिचा स्वभाव मुरत गेला. नम्रता संभेरावसारख्या नटीसाठी तशी एखादी मालिका आता लिहिली गेली पाहिजे.