कशाच्या तुलनेत? कृत्रिम कॅनाबिनॉइडच्या दाव्यांविषयी

मंडळी, विषयाचं नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. गांजात नशा आणणारं जे द्रव्य असतं, टीएचसी, ते किंवा त्याच्यासारखं द्रव्य प्रयोगशाळेत तयार करायचं. झाडाशी संबंध नाही. ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन ही त्यातली दोन औषधं. केमोथेरपीनंतरच्या मळमळ-उलटीसाठी दोन्हींना अमेरिकेत १९८५ साली मंजुरी मिळाली, तीही इतर औषधांनी उलटी थांबत नसेल तर वापरायला.

आपल्याकडे त्याच वर्षी एनडीपीएस कायदा आला. त्यावरून सांगितलं जातं, "तिकडे औषध झालं, इकडे बंदी आली." ऐकायला बरं वाटतं. पण हा युक्तिवाद कच्चा आहे.

औषध लागू पडतं असं कुणी म्हटलं, की विचारायचं, कशाच्या तुलनेत? उलटीवरच्या २३ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१५ साली आला. त्या चाचण्या १९७५ ते १९९१ या काळातल्या. नुसत्या खोट्या गोळीपेक्षा ही औषधं सरस ठरली. प्रोक्लोरपेराझिन या जुन्या औषधाच्या साधारण बरोबरीची. पण गुंगी, चक्कर जास्त. ऑनडॅनसेट्रॉनसारख्या नव्या औषधाशी तुलना एकाही चाचणीत नव्हती. आणि ते ऑनडॅनसेट्रॉन आज तालुक्याच्या मेडिकलवरही मिळतं!

दुखण्याचं काय? २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक चाचणी छापून आली. नसांच्या जुनाट दुखण्याचे ९६ पेशंट, एकीकडे नॅबिलोन, दुसरीकडे डायहायड्रोकोडीन, म्हणजे अफूच्या घराण्यातलं साधं औषध. दुखणं जास्त कमी केलं ते डायहायड्रोकोडीननं.

म्हणून १९८५ च्या कायद्यावर टीका करायची तर नेमक्या जागी करा. त्या कायद्याची खरी झळ बसली मॉर्फिनला. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरचं हे सिद्ध झालेलं, स्वस्त औषध. अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकते. तरी एका औषधासाठी इतके परवाने लागायचे, की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, परवान्यांची गुंतागुंत कमी केली. कागदावर वाट मोकळी झाली.

आता आपल्या सोनपेठचा विचार करा. पेशंट केमोला बार्शीला जाईल, छत्रपती संभाजीनगरला जाईल. दुखणं मात्र रात्री दोन वाजता इथं, घरी उठतं. तेव्हा घरच्यांच्या हातात काय असतं? गांजाच्या औषधाच्या बातम्या जरूर वाचा, संशोधनही व्हायलाच पाहिजे. पण परभणीला आरोग्य खात्याचे अधिकारी भेटले, तर आधी एवढंच विचारा : मॉर्फिनची गोळी आमच्या पेशंटला सगळ्यात जवळ कुठं मिळते, आणि ती लिहून देणारा डॉक्टर कोण?