ख्यालगायक आणि रोजची रील

विलंबित एकतालाचं गणित सोपं आहे. मात्रा बारा. आज बडा ख्याल ज्या लयीत मांडला जातो तिथे एका मात्रेला चार सेकंद सहज लागतात. म्हणजे एक आवर्तन ४८ सेकंदांचं, आणि कुणी आणखी संथ गेलं तर मिनिटाचं. इन्स्टाग्रामने जुलै २०२० मध्ये भारतात रील आणली तेव्हा तिची मर्यादा होती १५ सेकंद. मुखडा घेऊन समेवर यावं, एक सूर नीट लावावा, की संपलंच. पुढे ही मर्यादा ३०, ६०, ९० सेकंद अशी वाढत गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन मिनिटांवर आली. तीन मिनिटांतही विलंबिताची चार आवर्तनं पुरती बसत नाहीत.

तरीही तीन मिनिटं हे माप आपल्या संगीताला नवं नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासून जवळपास पन्नास वर्षं ७८ फेऱ्यांच्या तबकडीने गायकांना एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच दिली. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर, मल्लिकार्जुन मन्सूर हे सगळे त्या मापात गायले. ‘रील आली आणि ख्याल बुडाला’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पुन्हा ऐकावी. तीन मिनिटांत त्यांना घाई कुठेच नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्ण तबकडी अवकाशात गेली, तिच्यातलं केसरबाईंचं भैरवीतलं गाणं साडेतीन मिनिटांचंच आहे. पृथ्वीवरच्या संगीताचा मासला म्हणून ते निवडलं गेलं, आणि त्यात काही कमी राहिलंय असं ऐकताना कुणाला वाटणार नाही.

या गायकांनी लहान जागेचं गाणं वेगळं बांधलं. चीज मध्यलयीत घ्यायची, स्थायी-अंतरा स्पष्ट म्हणायचा, रागाचं रूप उभं राहील एवढीच आलापी, मग बोलताना, चार मोजक्या ताना आणि समेवर संपवायचं. तबकडीचं गाणं आकाराने छोटं असलं तरी त्याला सुरुवात होती, मध्य होता, शेवट होता. आजची बहुतेक रील अशी बांधलेली नसते. ती तासाभराच्या गाण्यातून कापून काढलेली असते, आणि कापताना हात नेमका सर्वांत उंच जागी पडतो: तीन सप्तकांची सपाट तान, झपाट्याने सुटलेली सरगम, तबल्याशी झालेली झटापट आणि त्यावर श्रोत्यांचा उठलेला आवाज. मला दुखतं ते इथे. कळस दिसतो, पण तो ज्याच्यावर उभा आहे ते मंदिर दिसत नाही. आणि रोज नुसते कळसच बघणाऱ्या विद्यार्थ्याला वाटू लागतं की बांधायचा तो कळसच.

त्याचा परिणाम मैफलीत ऐकू येऊ लागला आहे. तिशीच्या आतले कितीतरी गायक आज असे आहेत की त्यांच्या गळ्याची तयारी पाहून थक्क व्हावं. इतक्या लहान वयात इतकी स्वच्छ, इतकी वेगवान तान मागच्या पिढीत फारशी ऐकू येत नसे. पण हेच गायक विलंबित मांडू लागले की दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात चलबिचल होते. षड्जापासून गंधारापर्यंत दहा मिनिटं राहावं, एकाच सुराकडे वेगवेगळ्या वाटांनी यावं, दमसास राखून पुढच्या सुराची ओढ निर्माण करावी, ही बढत त्यांना येत नाही असं नाही. गुरूंनी शिकवलेली असते. पण तिच्यावर त्यांचा विश्वास उरलेला नसतो. श्रोता आत्ता उठून जाईल ही धास्ती आवाजात उतरते, आणि मग गंधारावर पुरतं थांबण्याआधीच सरगम सुरू होते. सरगम का, याचंही कारण आहे. नवख्या कानाला आकारातली मींड पकडता येत नाही. सा रे ग म ही अक्षरं मात्र लगेच ओळखीची वाटतात आणि काहीतरी अवघड चाललंय हे त्याला कळतं. पडद्यावर तीच चालते.

एक रील घरी कशी तयार होते, ते जवळून बघितलं तर हा दाब नेमका कुठे बसतो ते कळतं. गायिका सकाळी रियाजाला बसते. तासाभराने आवाज मोकळा होतो, तोडीचा धैवत मनासारखा लागायला लागतो. रियाजातला सर्वांत मोलाचा वेळ हाच. नेमकी त्याच वेळी ती उठते, कारण आवाज आता ‘रेकॉर्ड करण्यासारखा’ आहे. साडी बदलायची, केस नीट करायचे, मागची भिंत रिकामी दिसते म्हणून तानपुरा तिथे उभा करून ठेवायचा. सूर मात्र फोनवरच्या ॲपमधून येणार. ट्रायपॉड, गोल दिवा. पहिल्या खेपेला तान उत्तम येते, पण मान खाली असते. दुसऱ्या खेपेला चेहरा चांगला दिसतो, निषाद किंचित उतरतो. पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत ती राग गात नसते, ती एक तान पुन्हा पुन्हा गात असते. मग कापाकापी, खाली अक्षरं टाकणं, कॅप्शन, संध्याकाळी लोक फोनवर असतात त्या वेळेची वाट बघणं, आलेल्या प्रतिक्रियांना उत्तरं देणं. त्या प्रतिक्रियांमध्ये साडीबद्दल आणि रंगरूपाबद्दल किती असतात, हे कुठल्याही तरुण गायिकेच्या पानावर जाऊन बघता येईल. गायकाच्या पानावर तसं कमी आढळतं. दुपार गेलेली असते. तोडीची वेळ तर केव्हाच सरलेली असते.

शिवाय फोन हा ख्यालाचा कान नाही. त्याची घडण बोलणं टिपण्यासाठी झालेली आहे. हळू सूर तो आपणहून मोठा करतो, मोठा सूर दाबतो, आणि सतत वाजणारा एकसारखा नाद हा त्याच्या लेखी गोंगाट असतो. २०२० च्या टाळेबंदीत झूमवर शिकवणाऱ्या प्रत्येक गुरूला हा अनुभव आला: तानपुरा सुरू केला की पलीकडे तो पुसलाच जायचा. पुढे झूमने संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची वेगळी सोय केली, तेव्हा कुठे थोडा दिलासा मिळाला. पण रील ऐकणारा माणूस ती बसमध्ये, फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकतो. खर्ज तिथे पोचतच नाही. मग कलाकार खर्ज गाईल कशाला?

कलाकाराने स्वतःचा गाजावाजा करणं हे काही आजचं पाप नाही, आणि त्याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःचा छापखाना चालवला, स्वरलिपीची पुस्तकं छापली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक काढलं, तिकीट लावून जाहीर जलसे केले. संगीत दरबारातून आणि कोठीतून बाहेर काढायचं तर त्याची जाहिरात करावी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी कर्ज काढलं आणि पुढे मुंबईत काढलेल्या विद्यालयाची इमारत १९२४ मध्ये लिलावात गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात सूर मिसळायला शिकवलं आणि त्याला लोकांसमोर आणलं, हेही नोंदलेलं आहे. लोकांचं लक्ष वेधून घेण्याची गरज थोरांनाही होती.

फरक आहे तो ओझं कोण उचलत होतं यात. तबकडीच्या जमान्यात गौहर जानला गाण्याच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारावं लागे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या माणसाला कुठली तबकडी कुणाची ते कळावं म्हणून. प्रसिद्धीसाठी तिने माइकपुढे, खरं तर कर्ण्यापुढे, केलेलं काम एवढंच. छायाचित्रं, सूचिपत्रकं, दुकानं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती हे कंपनीचं काम. कंपनीने कलाकारांना लुटलंही भरपूर, तिचा कळवळा मला नाही. पण तबकडी एकदा गाऊन झाली की गायक घरी जाऊन रियाजाला बसायला मोकळा होता. मग आकाशवाणी आली. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात सुरू झालेल्या चाचणी आणि श्रेणीच्या पद्धतीवर वाद खूप झाले, काहींना ती अपमानास्पद वाटली. तरी बी, बी-हाय, ए, टॉप ही श्रेणी गाणं ऐकून ठरत होती आणि मिळाली की तिच्यावर ठरावीक कार्यक्रम मिळत. महिनाभर काही ‘पोस्ट’ केलं नाही म्हणून ए ग्रेडचा कलाकार बी-हायवर घसरत नसे.

आज कंपनी, आकाशवाणी, सूचिपत्रक, दुकान, छायाचित्रकार हे सगळं एकट्या गायकाच्या अंगावर आलं आहे, आणि ते काम संपत नाही. आठ दिवस गप्प बसलं की यंत्रणा विसरते, पुढची रील कमी लोकांना दाखवते, असं जवळपास प्रत्येक तरुण कलाकार सांगतो. ख्याल शिकण्यात तर गप्प बसण्याचे कालखंड येतातच. नवा राग गुरूकडून घेतला की तो सहा महिने, वर्ष बाहेर काढायचा नाही, आत मुरू द्यायचा, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. आवाज बदलतो, घसा बसतो, एखाद्या चुकीच्या सवयीवर काम करताना गाणं काही काळ वाईट होतं. त्या काळात लोकांसमोर न येण्याची मुभा ही चैन नव्हती, तो तालमीचा भाग होता. ती मुभा आता महाग झाली आहे, आणि घरात दोन पिढ्यांचं गाणं, नाव, ओळखी असलेल्यालाच ती परवडते.

याची दुसरी बाजू मोठी आहे आणि ती मांडायलाच हवी. ज्याच्या मागे घराणं नाही, पुण्या-मुंबईतला गुरू नाही, ज्याला कुठल्या म्युझिक सर्कलचा सचिव ओळखत नाही, अशा लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला पूर्वी दार ठोठावायलाही जागा नव्हती. आज तिचं गाणं ऐकणारे दोनशे लोक तरी मिळतात, त्यातून एखादी बैठक मिळते, परदेशातले शिष्य मिळतात आणि घर चालतं. टाळेबंदीत सभागृहं बंद पडली, २०२० आणि २०२१ ला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवही झाला नाही, तेव्हा कित्येक साथीदारांना याच माध्यमांनी तगवलं. जुन्या संग्राहकांनी यूट्यूबवर टाकलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे आज विद्यार्थ्याला जे ऐकायला मिळतं, ते त्याच्या गुरूला स्वप्नातही मिळालं नसतं. तबलजींना तर या छोट्या मापाने न्याय दिला. एखादा रेला किंवा चक्रदार मिनिटभरात आपलं म्हणणं पूर्ण करतो.

उदाहरणं देताना मात्र आपण फसतो. राहुल देशपांडे, महेश काळे, कौशिकी चक्रवर्ती यांच्याकडे बोट दाखवून नव्या मुलांना सांगितलं जातं, बघा, त्यांना जमतं. या तिघांनी ही माध्यमं छानच वापरली. पण तिघांचंही नाव रील येण्याच्या कितीतरी आधी मैफलीतून, रंगमंचावरून, चित्रपटातून झालेलं होतं. लोक त्यांना शोधत पडद्यापर्यंत आले. पडद्यावरून उलट मैफलीपर्यंत चालत येणारा श्रोता फार थोडा आहे. रीलवर लाखभर लोकांनी पाहिलेला गायक गावातल्या सभागृहात गातो तेव्हा तिथे साठ-सत्तर खुर्च्या भरतात, हे आयोजकांना आता चांगलं माहीत झालं आहे.

आणि तरीही आयोजक फॉलोअर्स विचारतात. माझा खरा राग तिथे आहे. नवोदिताकडून कार्यक्रमासाठी माहिती मागवताना गुरूचं नाव, घराणं, श्रेणी यांच्या जोडीला सोशल मीडियाचे दुवे मागितले जातात. कार्यक्रम ठरला की ‘तुमच्या पानावरून दोन-तीन रील टाका’ हा आग्रह येतो, आणि बिदागी मात्र तीच राहते. जाहिरात हे आयोजकाचं काम होतं. ते त्याने गायकावर ढकललं, फुकट ढकललं. ध्वनिमुद्रण वा प्रसिद्धी नसतानाही थोर ठरलेले कलाकार आपल्याकडे झाले. भास्करबुवा बखल्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण उरलेलं नाही. ते कसे गात हे आपल्याला बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या गाण्यावरून ताडावं लागतं. अन्नपूर्णादेवींनी आयुष्याची कितीतरी दशकं मुंबईत बंद दाराआड शिकवण्यात घालवली, आणि निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्या वादनातून त्यांची थोरवी जगाला कळली. आजच्या एखाद्या सर्कलच्या समितीपुढे असा कलाकार आला तर त्याचं काय होईल, हा प्रश्न समित्यांनी स्वतःला विचारावा. अशा कलाकाराला वेळ काढून ऐकण्याची तयारी त्यांच्यापैकी किती जणांची आहे?

करण्यासारखं बरंच आहे आणि ते काही ठिकाणी होतंही आहे. इंग्लंडमधला दरबार महोत्सव २००६ पासून चालू आहे. त्यांच्या यूट्यूब पानावर छोटे तुकडे आहेत तसे पूर्ण रागही आहेत, ध्वनिमुद्रण उत्तम आहे आणि तानपुरा ऐकू येतो. गायकाला स्वतः काही करावं लागत नाही. त्या एका मुद्रणावर त्याला पुढची कित्येक आमंत्रणं मिळतात. काही तरुण कलाकारांनी आपसात ठरवून घेतलंय की महिन्यातून एकच दिवस चित्रीकरण करायचं, त्यातलंच महिनाभर टाकायचं, आणि रियाजाच्या खोलीत फोन न्यायचा नाही. काहीजण मुद्दाम एक अख्खं विलंबित आवर्तन, सम ते सम, काही न कापता टाकतात. अशा पोस्टला लाइक कमी मिळतात, पण खाली जे लिहितात ते बहुधा पुढे मैफलीला येतात. आणखी काही गायक तबकडीवाल्यांची विद्या नव्याने शिकत आहेत: तीन मिनिटांचं, मध्यलयीतलं, स्वतंत्र बांधलेलं गाणं. ते मला सर्वांत आशेचं वाटतं, कारण तिथे माप माध्यमाचं असलं तरी आकार गायकाचा आहे.

आपल्या मंडळांकडे दरबारसारखा पैसा नाही, हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. पण एक बरा रेकॉर्डर, दोन माइक आणि ते कुठे लावायचे हे कळणारा एक माणूस, इतका खर्च मंडपाच्या आणि स्मरणिकेच्या खर्चापुढे नगण्य आहे. प्रत्येक मैफलीचं पूर्ण मुद्रण मंडळाने करावं, ते कलाकाराच्या हाती विनामूल्य द्यावं आणि त्यातला कुठला भाग बाहेर जाईल ते त्याला ठरवू द्यावं. प्रसिद्धीचं काम त्याच्याकडून हवंच असेल तर ते बिदागीत वेगळं धरावं. नवोदितांच्या अर्जातला फॉलोअर्सचा रकाना या मोसमापासूनच काढावा, आणि त्या जागी अर्ध्या तासाचं, न कापलेलं, विलंबितासकट ध्वनिमुद्रण मागवून समितीने एकत्र बसून ते शेवटपर्यंत ऐकावं.