बुधवारवाड्याची आग आणि एडनचा तुरुंग : वासुदेव बळवंत फडके यांच्या चरित्रलेखनाची चिकित्सा

१३ मे १८७९ च्या रात्री पुण्याच्या बुधवार पेठेतील बुधवारवाडा जळाला. त्याच रात्री विश्रामबागवाड्यालाही आग लागली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बांधलेल्या बुधवारवाड्यात इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या होत्या. १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने स्थापन झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजेच पुढचे पुणे नगर वाचन मंदिर, तिचा ग्रंथसंग्रहही या आगीत नष्ट झाला. संशयाची सुई अर्थातच त्या वेळी फरारी असलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्याकडे वळली. मुंबईचा गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल याच्याविरुद्ध त्यांनी काढलेल्या जाहीरनाम्याने सरकार आधीच अस्वस्थ होते. तपासात मात्र आगीचा दोष रानडे आडनावाच्या दोन भावांवर आला. फडके यांचा त्यात हात असल्याचे सिद्ध झाले नाही. तोवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली होऊन त्यांच्या टपालावर नजर ठेवली जाऊ लागली होती. त्या दिवसांतील दडपण रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आजही जाणवते.

हा प्रसंग आरंभी नोंदविण्याचे कारण असे की, फडके यांच्या चरित्रलेखनाचा स्वभाव त्यातून दिसतो. जे घडले त्यापेक्षा जे शोभून दिसेल ते त्यांच्या नावावर चढत गेले. पुण्यातील आग त्यांच्या नावाला शोभणारी होती, म्हणून ती कित्येक वर्णनांत त्यांच्या बंडाच्या ज्वाळेला जोडली गेली. एडनच्या तुरुंगातील वर्षे शोभणारी नव्हती, म्हणून ती गळाली. अप्पा बळवंत चौकातील दुकानांतून विद्यार्थ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या छोट्या चरित्रपुस्तिका पाहिल्या, तर शिरढोणचा जन्म, आईच्या अखेरच्या दुखण्यात न मिळालेली रजा, दुष्काळ, रामोश्यांची फौज आणि अटक यांना भरपूर पृष्ठे मिळतात. शिक्षेनंतरचे आयुष्य मात्र सामान्यतः एका परिच्छेदात उरकले जाते. तीन वर्षांहून अधिक काळ एक मनुष्य समुद्रापलीकडे कैदेत जिवंत होता, ही गोष्ट चरित्राचा विषयच होत नाही.

फडके यांनी स्वतः लिहिलेला मजकूर या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या मुक्कामी, देहत्यागाचा विचार मनात असताना, त्यांनी आपली हकीगत लिहिली. शिवाय रोजनिशीही ठेवली. जुलै १८७९ मध्ये कलादगीच्या बाजूस देवर नावडगी येथे ते पकडले गेले आणि त्यांचे कागद सरकारच्या हाती पडले. नोव्हेंबर १८७९ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टापुढे चाललेल्या खटल्यात हेच कागद त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरले. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी बचावाची बाजू घेतली, पण आरोपीच्या स्वहस्ताक्षरापुढे वकिलाची शर्थ थिटी पडली. या आत्मनिवेदनाचे इंग्रजी रूप मुंबई सरकारने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात समाविष्ट आहे. म्हणजे एका मराठी बंडखोराचा शब्द अभ्यासकांपुढे बव्हंशी पोलीस, भाषांतरकार आणि दप्तर यांच्या हातून गेलेल्या स्वरूपात येतो. मराठी समीक्षेने या गोष्टीची पुरेशी दखल घेतलेली नाही. तिने हा मजकूर क्रांतीचा जाहीरनामा म्हणून गौरविला. त्याच्या बाजाकडे मात्र पाहिले नाही.

हा बाज हिशेबनिसाचा आहे. फडके लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. किती माणसे हवी होती आणि किती मिळाली, लुटीतून काय अपेक्षित होते आणि हाती काय आले, सोबतीच्या लोकांना पैशाची ओढ किती आणि कार्याची किती, हे ते एखादा ताळेबंद मांडावा तसे मांडतात. आपण अपयशी ठरलो, याबद्दल ते देशबांधवांची क्षमा मागतात. येथे आवेश कमी आणि शिल्लक-तूट अधिक आहे. रामोश्यांविषयीचा त्यांचा कडवट सूर आजच्या वाचकास खटकेल, आणि खटकावा. दौलतराव नाईक याच्यासारखा माणूस याच लढ्यात मारला गेला, हे त्या कडवटपणाच्या शेजारी ठेवूनच वाचले पाहिजे. परंतु हा सूर गाळून केलेली चरित्रे त्या माणसाला आणि त्याच्या सोबत्यांना, दोघांनाही अन्याय करतात.

आयरिश बंडखोर जॉन मिचेल याने बर्म्यूडा, केप आणि व्हॅन डीमन्स लँड अशा आपल्या हद्दपारीच्या प्रवासात रोजनिशी राखली व १८५४ साली ती ग्रंथरूपाने आणली. त्याची लेखणी गलबतावर त्याच्याबरोबर गेली. फडके यांची लेखणी गलबतावर चढण्यापूर्वीच सरकारजमा झाली. जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेले. तेथून पुढे त्यांच्याविषयी जे कळते ते इतरांच्या लिहिण्यातून.

त्यामुळे पलायनाच्या तारखेचा घोळ केवळ तपशिलाचा राहत नाही. तुरुंगाचे दार बिजागरीतून उखडून फडके पळाले आणि लवकरच पुन्हा पकडले गेले, इतके सर्वत्र समान आहे. मात्र एका परंपरेत ही घटना ऑक्टोबर १८८० मधील मानली जाते आणि क्षयाने झिजत १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मृत्यू आला, असे सांगितले जाते. दुसऱ्या, आज अधिक लोकप्रिय असलेल्या कथनात पलायन १३ फेब्रुवारी १८८३ चे, त्यानंतर पुन्हा अटक, अन्नत्याग आणि चार दिवसांत मृत्यू. हे दुसरे कथन नाट्यदृष्ट्या सरस आहे, आणि त्याच कारणाने संशयास्पद. तीन वर्षांच्या कैदेने खंगलेला रोगी दार उखडतो, काही मैल धावतो, पकडला जातो आणि चार दिवसांत उपोषणाने प्राण सोडतो, हे शरीरधर्माला धरून नाही. पहिली तारीख स्वीकारली, तर मात्र चरित्रकारापुढे एक अवघड जबाबदारी येते. पलायन फसल्यानंतरचे अठ्ठावीस महिने त्याला भरावे लागतात. या महिन्यांत कोणतीही चकमक नाही, जाहीरनामा नाही, साथीदारही नाही. लोकप्रिय कथनाने ही जबाबदारी तारीख सरकवून टाळली, असेच म्हणावे लागते.

या टाळाटाळीला दुसरेही एक कारण आहे. हद्दपारीचे मराठी चित्र सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या १९२७ च्या ग्रंथाने घडविले. कोलू, काथ्या, बारी साहेब, भिंतीवर कोरलेल्या ओळी या प्रतिमा इतक्या समर्थ ठरल्या की, मागच्या कैद्यांवरही त्या पसरल्या. फडके यांच्या शिक्षेला सर्रास ‘काळे पाणी’ म्हटले जाते आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे अंदमानचे सेल्युलर जेल उभे राहते. त्या इमारतीचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले. फडके तेव्हा मरून तेरा वर्षे झाली होती. शिवाय एडन ही अंदमानसारखी कैद्यांची वसाहत नव्हती. १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलेले आणि मुंबई सरकारच्या अखत्यारीत असलेले ते लष्करी ठाणे होते. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर आगबोटींना कोळसा पुरविणारे बंदर म्हणून त्याचे महत्त्व वाढले. अंदमानात कैद्याला निदान आपली भाषा बोलणारा दुसरा कैदी भेटे, काही वर्षांनी तुरुंगाबाहेर राहण्याची सवलतही मिळू शके. एडनला पाण्याचे दुर्भिक्ष, उघडे डोंगर आणि बाहेर पडताच अरबी बोलणारा मुलूख. तेथून पळणाऱ्याला लपण्यापेक्षा तहान भागविणे अवघड. ही भौगोलिक वस्तुस्थिती लक्षात घेतली, तर पलायनाचे धाडस कमी होत नाही. उलट ते नेमके कशाविरुद्ध होते हे कळते.

खुद्द ‘जन्मठेप’ या शब्दानेही थोडा गोंधळ वाढविला आहे. भारतीय दंडसंहितेत मूळ शिक्षा आजन्म हद्दपारीची होती. १९५५ च्या दुरुस्तीने तिच्या जागी आजन्म कारावास आला. मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द रूढ असल्याने समुद्रप्रवास, परका मुलूख आणि परतीचा बंद झालेला रस्ता, हे सारे शब्दातून निसटते. आजचा विद्यार्थी फडके यांना जन्मठेप झाली असे वाचतो, तेव्हा त्याला येरवडा आठवतो.

एडनच्या वर्षांचे लेखन करू पाहणाऱ्याने म्हणून प्रथम जागा बदलली पाहिजे. एडनचा कारभार मुंबईकडे होता. कैद्याची प्रकृती, शिक्षा, पलायन यांविषयीचा व्यवहारही त्याच वाटेने झालेला असणार. मुंबईच्या पुराभिलेखागारातील न्याय खात्याची १८८० ते १८८३ ची दप्तरे हे या कामाचे पहिले ठिकाण आहे. तेथे सापडेल तो फडके यांचा आवाज नसेल. ती त्यांच्यावर पहारा करणाऱ्यांची भाषा असेल, आणि श्रीशैलाच्या मुक्कामी लिहिलेल्या त्या ताळेबंदाशेजारी ठेवूनच ती वाचावी लागेल.