ब्र्नो येथील तुगेंडहाट-गृहाचा जीर्णोद्धार

पोथीचें एखादें पान फाटलें किंवा गहाळ झालें असतां संपादकानें काय करावें, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. तोच प्रश्न घरांविषयींहि उत्पन्न होतो. आणि घर यंत्रयुगाचा नमुना म्हणून प्रसिद्ध असेल तर तो अधिकच बिकट होतो. चेक प्रजासत्ताकांतील ब्र्नो शहरीं असलेल्या तुगेंडहाट-गृहाचा २०१०-१२ सालचा जीर्णोद्धार आम्ही याच कसोटीवर पाहतों.

फ्रिट्स व ग्रेटे तुगेंडहाट या यहुदी दांपत्यासाठीं मीस फान डेर रोहे या जर्मन स्थपतीनें हें घर योजिलें व तें १९३० सालीं पुरें झालें. पोलादी खांबांचा सांगाडा, जमिनींत उतरणाऱ्या भव्य कांचा, ऑनिक्स दगडाची भिंत आणि आबनुसी लांकडाची अर्धवर्तुळाकार भिंत हीं त्याचीं मुख्य अंगें. १९३८ सालीं मालकांस देश सोडावा लागला; १९३९ सालीं गेस्टापोनें घर बळकावलें. युद्धानंतर तेथें आधीं नृत्यशाळा, मग मुलांचें उपचारकेंद्र झालें. १९८१-८५ ची पहिली दुरुस्ती सद्धेतूनें झाली. परंतु हव्या त्या मापाची अखंड कांच न मिळाल्यामुळें तुकडे जोडून काम भागविण्यांत आलें.

दुसऱ्या जीर्णोद्धाराचें खरें यश भिंतींत आहे. छायाचित्रांवरून हें घर पांढरेंशुभ्र व जणूं सांच्यांतून काढलेलें भासतें. वरचे थर उकलतांच खालीं मूळ चुन्याचा गिलावा सांपडला. वाळूमुळें त्यास किंचित् पिवळसर छटा होती. आंतील भिंतींचा तुकतुकीतपणाहि यंत्राचा नव्हे. तो गवंड्यानें हातानें घोटून आणलेला आहे. दुरुस्तीसहि चुनाच योजिला, हें योग्य झालें. कारण सिमेंटचा कठीण थर ओल कोंडतो व जुन्या गिलाव्यास उखडतो, चुना ओलीस वाट देतो. 'नव्या' म्हणविणाऱ्या वास्तुकलेचा पाया जुन्या कारागिरींत होता, हें यावरून सिद्ध होतें.

आबनुसी भिंतीच्या फळ्या युद्धकाळीं नाहींशा झाल्या होत्या. त्या २०११ सालीं त्याच शहरांतील विधिविद्यालयाच्या उपाहारगृहांत भिंतीस जडलेल्या आढळल्या. युद्धकाळीं त्याच इमारतींत गेस्टापोचें ठाणें होतें. गहाळ पान परक्या दप्तरांत सांपडावें तशीच ही गोष्ट. फळ्या स्वस्थानीं परत बसविण्यांत आल्या.

आमचा आक्षेप येथेंच आहे. जीर्णोद्धारकांनीं १९३० ची स्थिति प्रमाण मानून नंतरचे थर गौण ठरविले. परंतु याच घरीं रुग्ण मुलें व्यायाम करीत. येथेंच १९९२ सालीं चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनाच्या वाटाघाटी झाल्या. आबनुसी भिंत परत आली. पण ती मध्यंतरीं कोठें व कोणाच्या हातीं होती, हें ती भिंत स्वतः सांगत नाहीं. ज्यांनीं ती लुटली त्यांची खूण पुसली गेली, ही त्यांचीच सोय झाली.

उत्तम संपादक मूळ पाठ शोधतो, तसाच समासांतील परका हातहि नोंदवितो. या जीर्णोद्धारानें पहिलें कर्तव्य निर्दोषपणें बजावलें; दुसरें अर्धवट सोडलें, असें आमचें मत आहे.